रक्ताभिसरण वाढवता? कुठलं?

मंडळी, ज्या खोक्यावर ‘रक्ताभिसरण वाढते’ असं छापलेलं असेल ते खोकं खाली ठेवा. चुंबकाचा पट्टा असो, तळपाय थरथरवणारं मशीन असो, नाहीतर तांब्याचं कडं.

वाढतं म्हणजे नक्की कुठे वाढतं? अंगात रक्त साधारण ५ लिटर. बसल्या जागी हृदय मिनिटाला तेवढंच फेकतं. ते सगळ्या अवयवांना एकदम भरपूर पुरेल इतकं कधीच नसतं, म्हणून वाटप आलं. आणि हे वाटप मुख्यतः करतात त्या धमन्यांच्या शेवटच्या बारीक फांद्या. केसाएवढ्या नळ्या, भोवती स्नायूचा थर. पोटरी कामाला लागली की तिथला ऑक्सिजन घटतो, कार्बन डायऑक्साइड आणि ॲडेनोसिन साचतं, आणि नळी तिथल्या तिथे सैल होते. वरून परवानगी नाही. (आमच्याकडे माउस बदलायला तीन अप्रूव्हल लागतात.. असो.) गणितही भारी आहे: प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतो, त्यामुळे त्रिज्या जेमतेम १६ टक्के घटली की प्रवाह निम्मा! धावताना पायांना जास्त मिळतं तेव्हा आतड्यांच्या वाट्याला कात्री लागते. सगळ्याच नळ्या एकदम सैल सोडल्या तर काय होतं? रक्तदाब कोसळतो. सेप्टिक शॉकमध्ये बऱ्याच अंशी हेच होतं, आणि पेशंट आयसीयूत असतो.

आणि चुंबक? हिमोग्लोबिनमधलं लोह म्हणजे खिळा नव्हे. ३ टेस्लाच्या एमआरआयमधून लोक रोज रक्तासकट धडधाकट बाहेर येतात.

‘पण मला बरं वाटलं हो!’ वाटेल की. चोळलं, शेकलं तर कातडीतल्या नळ्या सैलावतात, ऊब येते. पैसे गेले तर गेले, त्याचं मला काही नाही. पण शेजारचे काका पट्टा बांधून बीपीची गोळी बंद करतात तेव्हा डोकं फिरतं. अहो, ॲम्लोडिपिन याच नळ्यांच्या स्नायूत कॅल्शियम शिरायला अडवतं, म्हणून त्या कमी आवळतात! जे काम पट्टा करतो म्हणून विकतात, ते गोळी खरोखर करत असते. मधुमेहात तर डोळ्याच्या पडद्यातल्या आणि मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या न दुखता खराब होत जातात, आणि बधिर झालेल्या पायाला गरम मशीनचा चटका बसला तरी कळत नाही.

काकांना कडं घालू द्या हवं तर, शोभेला. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू देऊ नका.