सोपाऱ्याचे मोल रोमन सोन्याने ठरत नाही

१/ बोळिंज-नालासोपारा परिसराच्या प्राचीनत्वाचा विषय निघाला की समाजमाध्यमांवर हटकून एखाद्या रोमन सुवर्णमुद्रेचे छायाचित्र झळकते. जणू रोमन सम्राटाचे मुख दिसल्याशिवाय शूर्पारकाचे वैभव सिद्धच होत नाही! ही समजूत पुराव्यापुढे टिकत नाही.

२/ प्रथम ती मुद्रा वाचावी. टायबेरियसच्या 'ऑरियस'वर एका बाजूस पर्णमुकुटधारी सम्राट आणि भोवती तो 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' असल्याची घोषणा. दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री. नाणे हे धन होते, तसेच सत्तेचे प्रचारपत्रही होते.

३/ व्यापार नाकारण्याचे कारण नाही. 'पेरिप्लस'मध्ये सोपाऱ्याचे नाव आहे. त्याच ग्रंथानुसार भरुचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा मिळे. म्हणजे नाणे हाही एक मालच होता.

४/ आणि त्यावरील प्रतिमा? पुदुकोट्टईच्या नाणेनिधीत १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णमुद्रा मिळाल्या. त्यांतील बहुतेकींवर सम्राटाच्या मस्तकावरच छिन्नीचा घाव आहे. इकडे तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या. सम्राट तिथे छाटला गेला, इथे मातीत उतरला. अर्थ मात्र घेणाऱ्याने ठरवला.

५/ प्रतिमांचे राजकारण सातवाहनांना उत्तम कळत होते. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे ठोकली आहेत. शत्रूचा चेहरा वितळवण्याची गरजही त्याला भासली नाही.

६/ आता सोपारा. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटातील स्तूप उत्खनित केला. तिथे अस्थिपात्रे, सोन्याची फुले आणि चांदीचे एक नाणे मिळाले. ते नाणे त्याच वंशातील श्रीयज्ञ सातकर्णीचे.

७/ त्यावर राजाचे मुख आहे आणि भोवती ब्राह्मी अक्षरे आहेत. रोमन सम्राट देवत्व पावलेल्या पित्याचे नाव मिरवतो. हा राजा स्वतःला 'गौतमीपुत्र' म्हणवतो, आईच्या नावाने.

८/ सोपाऱ्याची ओळख सांगायला हे एक नाणे पुरेसे आहे. ते सोडून परक्या सम्राटाचे छायाचित्र लावणे हा अभिमान नव्हे. आपल्याच पुराव्याविषयीची ती अनास्था आहे.