आधी बेस, मग चिप

घरी सिंथेसायझर जोडणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. जी चिप पुन्हा मिळायची नाही, ती बोर्डावर थेट सोल्डर करू नका. तिच्यासाठी बेस, म्हणजे आयसी सॉकेट, शोधा. दुकानात मिळाला नाही तर स्वतः तयार करा. पण तिच्या पायांना सोल्डरिंग आयर्न लावू नका.

हे मी एक चिप गमावून शिकलो. बंद पडलेल्या कमोडोर 64 संगणकातून काढलेली 6581 ही आवाजाची चिप मला मिळाली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाऊन 28 पिनचा आयसी बेस मागितला, तो लगेच मिळाला. घरी येऊन चिप त्यावर धरली, तर तिचे पाय दोन्ही बाजूंनी बेसच्या बाहेर. बोर्ड तयार होतं, हात शिवशिवत होते. मी चिप थेट सोल्डर केली. आवाज आला नाही. चिपच खराब असणार असं समजून ती काढायला बसलो. पंप, विक, पुन्हा आयर्न असं करता करता एक पाय मुळापासून तुटला. नंतर कळलं की दोष चिपमध्ये नव्हताच. तिला एक मेगाहर्ट्झचं क्लॉक पुरवणाऱ्या वायरचा जोड कच्चा होता. बेस असता तर चिप अलगद बाजूला ठेवून तो जोड पाच मिनिटांत सापडला असता.

6581 म्हणजे सिड. बॉब यानेसने तिची रचना केली, आणि 1982 मध्ये ती कमोडोर 64 सोबत घराघरांत पोहोचली. तीन आवाज आणि त्यांचा फिल्टर, सगळं एका चिपमध्ये. 1994 मध्ये कमोडोर कंपनी बुडाली. आता नवी 6581 कुठल्याही कारखान्यातून येणार नाही. जगात आहेत तेवढ्यांवरच भागवायचं आहे.

सगळ्याच चिपची अशी स्थिती नाही. सीईएम 3340 हा प्रसिद्ध ऑसिलेटर 2016 पासून पुन्हा बनू लागला, आणि लाटव्हियातल्या रीगामध्ये त्याचा एएस 3340 हा जोडीदारही तयार होतो. दोघांना साधा 16 पिनचा अरुंद बेस चालतो, तो कुठल्याही दुकानात मिळतो. अडचण येते ती चिपचा आकार वेगळा असला की.

म्हणून दुकानात जाण्याआधी व्हर्नियर कॅलिपर हातात घ्या आणि तीन मापं कागदावर लिहा: एकूण पाय किती, शेजारच्या दोन पायांमधलं अंतर किती, आणि पायांच्या दोन रांगांमधलं अंतर किती. माझा घोटाळा तिसऱ्या मापात झाला होता. आर्डुइनोवरच्या एटीमेगा 328 ला 28 पाय असतात आणि रांगांमध्ये 7.62 मिलिमीटर अंतर असतं. सिडलाही 28 च पाय, पण अंतर बरोबर दुप्पट, 15.24 मिलिमीटर. नुसतं ‘28 पिनचा’ म्हटलं की दुकानदार बहुधा अरुंद बेस देतो, कारण खप त्याचाच. तुम्ही ‘रुंद, 27256 ईप्रॉमला लागतो तो’ असं सांगा. जुन्या दुकानात ही खूण लगेच पटते.

तोही मिळाला नाही तर गोल पिनची सरळ पट्टी घ्या. तिचे 14-14 छिद्रांचे दोन तुकडे करा आणि बोर्डाच्या दोन रांगांत बसवा. सोल्डर करताना पट्ट्या तिरक्या होऊ नयेत म्हणून त्यांत भंगारातला एखादा 28 पायांचा ईप्रॉम खोचून ठेवा. उष्णता त्याने सोसावी, सिडने नाही. आधी चारही कोपऱ्यांतल्या पिना पक्क्या करा, पट्ट्या सरळ बसल्यात का ते बघा, मगच बाकीच्या घ्या.

दुसरं माप चुकलं तर मात्र पट्टीही कामाला येत नाही. बहुतेक चिपच्या पायांमध्ये 2.54 मिलिमीटर अंतर असतं. यामाहाची वायएम 2608 मात्र श्रिंक डिप प्रकारची आहे. तिला 64 पाय, आणि दोन पायांत फक्त 1.778 मिलिमीटर अंतर. नेहमीच्या बेसमध्ये पहिला पाय बसतो, दुसऱ्यापासूनच फरक दिसू लागतो. पाय वाकवून जमेल असं मनात येतं, पण वाकवू नका. जुना पाय दुसऱ्यांदा वाकवला की तुटतो. 1.778 चे बेस आणि पट्ट्या मिळतात. ऑनलाइन मागवा आणि येईपर्यंत थांबा.

काही चिपना पायांची एकच रांग असते. रोलंडची बीए 662 तशी आहे, एका ओळीत नऊ पाय. टीबी 303 सिंथेसायझरमध्ये आवाज चढवण्या-उतरवण्याचं काम तीच करते. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी ज्या वाद्यांवर रागांचा डिस्को अल्बम केला, त्यांत टीबी 303 होतं. अशा एका रांगेच्या चिपसाठी दुकानात तयार बेस शोधत बसू नका. पट्टीतून नऊ छिद्रांचा तुकडा कापा, बेस तयार झाला. जुनो 106 सिंथेसायझरमधल्या 80017ए मॉड्यूलचंही असंच. त्यावरचं राळेचं आवरण जुनं झालं की मॉड्यूल बिघडतं, म्हणून ते बदलावं लागतं. एकदा काढलंच आहे तर त्या जागी पट्टी बसवा. पुढच्या वेळी आयर्न तापवावं लागणार नाही.

धातूच्या गोल टोपीतली सीए 3080 मिळाली तर गोल बेस शोधा. नाही मिळाला तर तिचे आठ लांब पाय हलक्या हाताने दोन रांगांत वळवून 8 पिनच्या साध्या बेसमध्ये बसवता येतात. टोपीच्या कडेला छोटं टोक असतं, ते आठव्या पायाची खूण. वळवण्याआधी त्याची दिशा कागदावर काढून ठेवा.

नव्या चिपचा प्रश्न वेगळा. एफव्ही 1 ही रिव्हर्बची चिप सपाट, 28 पायांची, बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारी. ती छोट्या अडॅप्टर बोर्डावर बसवा आणि ते बोर्ड बेसमध्ये खोचा. पण अडॅप्टरला बर्ग स्ट्रिपच्या चौकोनी पिना लावून गोल पिनच्या बेसमध्ये घुसवू नका. चौकोनी पिनेची बाजू 0.64 मिलिमीटर असते, तिने आतली नाजूक पकड फाकते. मग त्या बेसमध्ये बारीक पायांची चिप कधीच घट्ट बसत नाही. अडॅप्टरलाही गोल पिनाच लावा.

बेसची प्रतही बघा. टीएल 074 सारख्या सहज मिळणाऱ्या आयसीला पत्र्याच्या पकडीचा स्वस्त बेस पुरतो. दुर्मीळ चिपला गोल पिनचाच घ्या. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत स्वस्त पकड काळी पडते, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर आवाजात खरखर सुरू होते. चिपचे जुने पायही काळे पडलेले असतात. त्यांवरचं जुनं सोल्डर विकने काढा (आयर्न लावायचं ते एवढ्यापुरतंच), काळेपणा खोडरबराने हलकेच पुसा.

एक युक्ती मी प्रत्येकाला सांगतो. दुर्मीळ चिप एका जादा गोल पिनच्या बेसमध्ये कायमची बसवा आणि तो बेस बोर्डावरच्या बेसमध्ये खोचा. पुढे कितीही वेळा काढा-घाला, झीज होईल ती त्या जादा बेसची. चिपचे पाय पुन्हा हलणार नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बेस लागला की चिप बसवण्याची घाई करू नका. रिकाम्या बेसला वीज द्या आणि मल्टिमीटर घ्या. सिडच्या बेसवर काळी तार 14 व्या पिनवर, म्हणजे ग्राउंडवर. लाल तार 25 व्या पिनवर, तिथे 5 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग 28 व्या पिनवर. चिप 6581 असेल तर तिथे 12 व्होल्ट हवेत, सिडची नंतरची आवृत्ती 8580 असेल तर 9. दोघी एकाच बेसमध्ये बसतात, म्हणूनच जपायचं. 9 ची चिप 12 वर गेली तर ती वाचेलच असं नाही. वीज बंद करा, खाच कोणत्या बाजूला आहे ते बघा, अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी ग्राउंड केलेल्या धातूला हात लावा, मगच चिप बसवा. दोन्ही बाजूंनी सारखा दाब द्या. काढताना चपटा स्क्रू-ड्रायव्हर एकदा या टोकाखाली, एकदा त्या टोकाखाली घालून थोडं थोडं उचला.

या रविवारी तुमच्या डब्यातल्या चिप बाहेर काढा. प्रत्येकीची तीन मापं घ्या, एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी तिच्याच पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा बोर्डाच्या आधी बेस विकत घ्या. आपण बनवलेलं बोर्ड उद्या बदलेल, कदाचित मोडीतही जाईल. त्या दिवशी चिप बेसमधून सुखरूप निघाली पाहिजे, कारण तिची वाट बघणारं आणखी कोणीतरी असेलच.