पेठांचा रस्ता चालणाऱ्याला द्या

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,


दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून आपण पादचारी दिन पाळता. त्या दिवशी माझ्यासारखी पेठेतली म्हातारी माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात. त्याबद्दल मनापासून आभार. पण वर्षातला एक दिवस पुरत नाही, हे सांगायला हे पत्र.

गेल्या रविवारी नातीला घेऊन शनिवारवाड्यापासून विश्रामबागवाड्यापर्यंत चालत गेले. सरळ गेलं तर फार तर वीस मिनिटं लागतात. आम्हाला तीन तास लागले, कारण आधी वाट वाकडी करून कसब्यात शिरलो. ग्रामदैवताला नमस्कार केला आणि तांबट आळीत गेलो. तिथे तांब्याच्या हंड्याला मठारायचं काम चाललं होतं. हातोडीच्या एका ठोक्याला एक खळगा, त्याला लागून दुसरा. नात दारातून हलेना. गाडीतून जाणाऱ्याला हा ठोका ऐकूच येत नाही.

पुढे बुधवार पेठेत भिडेवाड्याच्या जागेपाशी थांबलो. १ जानेवारी १८४८ला सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी इथे मुलींची शाळा सुरू केली. स्मारकासाठी जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये पाडली, त्यामुळे नातीला दाखवायला जागा तेवढी होती. मग तुळशीबागेतून, तिच्यासाठी पितळी भातुकली घेऊन, विश्रामबागवाड्याशी आलो. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली, ती ब्राह्मण मुलांसाठी. म्हणजे ती पाठशाळा आणि भिडेवाड्यातली शाळा यांच्यात सत्तावीस वर्षं आणि दहा मिनिटांची चाल. पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर असतात. त्या एकमेकींच्या किती जवळ घडल्या, हे नातीला पायांनी कळलं.

या वाटेवर तिचा हात मात्र मला एकदाही सोडता आला नाही. पदपथावर दुचाकी उभ्या, म्हणून रस्त्यावर उतरायचं. रस्त्यावर उतरलं की मागून हॉर्न. मान वर करून वाड्याची लाकडी महिरप बघायची, तर पायाखालचं भान सुटतं. त्या दुचाकी आम्हा पुणेकरांच्याच आहेत, तेव्हा दोष एकट्या महापालिकेचा नाही, हे मी मान्य करते. पण रस्ता कुणाचा, हे ठरवणं आपल्याच हातात आहे. २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर करणारी महापालिका आपलीच.

माझी मागणी मोठी नाही. दर रविवारी सकाळी सात ते दहा, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ते विश्रामबागवाडा ही वाट चालणाऱ्यांसाठी राखून ठेवा. या वाटेजवळच्या मंडईत भाजीची आवक पहाटेपासून असते. ते टेम्पो आणि हातगाड्या अडवू नका, त्यांच्याशिवाय मंडई म्हणजे १८८६ची नुसती इमारत. वाटेत बसायला चार बाक, एक स्वच्छ स्वच्छतागृह आणि लहान मुलाला वाचता येईल अशा उंचीवर मराठी फलक, एवढं झालं तरी पुष्कळ.

पहिल्या रविवारी आपण स्वतः चालायला यावं, ही विनंती. मी नातीला घेऊन सात वाजता दिल्ली दरवाज्यापाशी थांबेन.

आपली,
कसबा पेठेतील एक रहिवासी