नागपूर म्हणजे फक्त बर्डी नव्हे

"नागपूरले कायले गेली होतीस?" आपल्याकडे गावात बाईला हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. डॉक्टरला दाखवायचं होतं. पोरीच्या लग्नाचा बस्ता होता. मुलाची अ‍ॅडमिशन होती. नात्यात मयत झाली होती. "काही काम नव्हतं, नुसती पाहायला गेली होती," असं सांगणारी बाई मी तरी अजून पाहिलेली नाही. पुरुषाला मात्र हे विचारत नाहीत. तो "जाऊन येतो जरा" म्हणतो आणि निघतो.

मैत्रिणींनो, मी महालात राहते. उमरेड, काटोल, भंडारा, रामटेक, वर्धा अशा चारी दिशांचे नातेवाईक आमच्याकडे उतरतात, त्यामुळे त्यांचं नागपूर मला पाठ झालं आहे. एसटी स्टँड, तिथून दवाखाना किंवा बर्डी, बर्डीवर साडी आणि टॉप्स, एखाद्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून वर-खाली, आणि पाचची गाडी. नागपूर पाहून झालं! वर गावी जाऊन सांगायचं, "काही नाही वं, नुसती गर्दी."

पूर्वी यात पैशाचा प्रश्न तरी होता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. ही सवलत म्हणजे पैशाची उधळपट्टी आहे असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना म्हणू द्या. मला वाटतं, बाईच्या हातात अर्धं तिकीट पडणं ही मोठी गोष्ट आहे. पण तिकीट अर्धं झालं तरी रस्ता तोच राहिला, त्याचं काय? पहिल्यापेक्षा दुप्पट वेळा येतो आणि पहिल्याइतकंच पाहतो.

माझ्या मोठ्या नणंदेचंच उदाहरण घ्या. ताई उमरेडच्या. चाळीस वर्षांत त्या नागपूरला किती वेळा आल्या याची गणतीच नाही. उमरेड रोडने शहरात शिरताना ताजबाग लागतं, पुढे सक्करदरा. ताईंनी दोन्ही खिडकीतून पाहिलेलं. उतरून एकदाही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "आपलं काय काम वं तिथं?"

काम काही नाही, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ताजुद्दीन बाबा कामठीचे, जन्म १८६१ चा. त्यांचं वागणं लोकांना समजेना म्हणून त्यांना वेड्यांच्या इस्पितळात टाकलं होतं. १९०८ साली नागपूरच्या भोसले घराण्यातल्या राजे रघुजीरावांनी त्यांना तिथून सोडवून आणलं आणि सक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात ठेवून घेतलं. १९२५ मध्ये बाबा गेले, आणि ताजबागेत त्यांचा दर्गा झाला. मराठा राजाच्या वाड्यात मुसलमान फकीर पाहुणा म्हणून राहिला, आणि तेही कुणाला दाखवायला नाही. आजही तिथे जाऊन बघा, चादर घेऊन येणाऱ्यांत कुंकू लावलेल्या बायका किती असतात ते. ज्या रस्त्याने ताई चाळीस वर्षं जातात, त्याच रस्त्यावरची ही गोष्ट आहे.

आता आमच्या महालाकडे वळते. स्टँडवरून पायी वीसेक मिनिटं, बस. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वस्त्या जोडून नागपूर वसवलं. पुढे भोसले आले, त्यांचा राजवाडा इथे झाला म्हणून हा महाल. तो काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीचा जुना वाडा १८६४ साली जळाला, पण नाव राहिलं. भोसल्यांचे आजचे वाडे, कल्याणेश्वराचं देऊळ, रुक्मिणीचं देऊळ, गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा, हे सगळं चालत चालत होतं. त्या दरवाजापलीकडे जुम्मा तलाव, ज्याला आता गांधीसागर म्हणतात. वस्त्यांची नावं ऐका: इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी. ज्या वारी जिथे बाजार भरे ते त्या वस्तीचं नाव. आपल्या गावच्या आठवडी बाजारासारखंच, नाही का? म्हणून मी म्हणते, आपल्यासारख्या बायकांना मॉलपेक्षा इथे जास्त घरच्यासारखं वाटेल. फुटाण्यापासून पैठणीपर्यंत भाव करता येतो आणि दुकानदारही "या बाई, बसा" म्हणतो.

माझी आवडती जागा म्हणजे चितारओळ. मूर्ती करणाऱ्या चिताऱ्यांची ही गल्ली. गणपतीच्या आधीचे दोन महिने इथून चालताना अंग चोरून चालावं लागतं, कारण दोन्हीकडे हात नसलेले, डोळे नसलेले गणपती वाळत असतात. मग दुर्गा, मग लक्ष्मी. गणपती संपला की महिषासुर सुरू. माती मळण्यापासून दागिने चिकटवण्यापर्यंत घरच्या बायकांचा हात असतोच, पण मूर्तीचे डोळे उघडायचं काम बहुतेक घरचा पुरुष करतो. मी एकीला विचारलं, "तुम्ही का नाही उघडत?" ती हसली आणि म्हणाली, "घाई असली की मीच उघडते, सांगत नाही कोणाला!"

आणि मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून असं सांगतात. कागद आणि बांबूच्या या प्रचंड बाया, गावची रोगराई, भ्रष्टाचार, महागाई, जे काही वाईट असेल ते सगळं त्यांच्यासोबत हाकलायचं. सोबत बडगे असतात, त्यांच्यावर त्या वर्षीचे टोमणे. मजा असते खरी, मी लहानपणापासून पाहते आहे. पण एक गोष्ट मला खटकते. काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले, दुसऱ्या रघुजी राजांची विधवा राणी, ती इंग्रजांना मिळाली म्हणून तिचा हा धिक्कार, असं लोक सांगतात. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक गेले आणि डलहौसीने राज्य खालसा केलं. राजघराण्याचे हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात विकलं गेलं. राण्यांनी अर्ज केले, दत्तकाचा हक्क मागितला, कुणी ऐकलं नाही. १८५७ मध्ये म्हाताऱ्या बाकाबाईने उठाव करू नका असं सांगितलं, ही गोष्ट इतिहासात आहे. बरोबर केलं की चूक, यावर वाद घालावा. पण राज्य गेलं ते डलहौसीच्या कलमाने, आणि दीडशे वर्षं जळते कोण? घरातली म्हातारी! आपल्या घराघरांतही हे असंच चालतं, म्हणून मला ही मिरवणूक पाहताना हसूही येतं आणि घशात काहीतरी अडकतंही.

असो. मुळात मी हे सगळं लिहायला का बसले, ते सांगते. औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी महालात आणि हंसापुरीत हिंसाचार झाला. (अर्ध्या तिकिटाची तारीखही १७ मार्चच. योगायोग, दुसरं काय.) गाड्या जळाल्या, दगड आले, संचारबंदी लागली, एका माणसाचा जीव गेला. आमची गल्ली कधी नव्हे ती टीव्हीवर दिसली. तेव्हापासून ताई मला फोनवर विचारतात, "काहून वं, तुमच्या महालात आता यावं का नाही?" आणि त्या येत नाहीत. काटोलची मावसबहीणही धरमपेठेत हॉटेलात जेवून परत गेली. तिच्या मुलाने म्हणे मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला होता.

भीती वाटली तर त्यात वावगं काही नाही. आम्हालाही वाटली. त्या रात्री कुणाच्याच घरात झोप नव्हती. पण संचारबंदी उठली तसा दूधवाला आला, केळीबाग रोडवरची दुकानं उघडली, मोमिनपुऱ्यातून येणारा कारागीर ठरल्याप्रमाणे आला आणि त्याने गादी पिंजून दिली. हा भाग टीव्हीवर येत नाही. पाहुणे यायचे थांबले की एखादी वस्ती फक्त तिच्या सर्वांत वाईट रात्रीपुरती उरते. ज्यांनी ती कधी पाहिलेलीच नसते त्यांच्या मनात तर दुसरं काही नसतंच.

मोमिनपुऱ्याचं नाव काढलं तर सांगते. उत्तरेतून आलेले मोमीन विणकर तिथे वसले. पलीकडे गोळीबार चौक, पाचपावलीकडे कोष्टी आणि हलबा विणकर. दोघांचाही धंदा हातमागाचा. आपल्या आज्या ज्या नऊवारी नेसल्या त्या यांनीच विणलेल्या. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा हातमागाला पहिला धक्का बसला. मग काळाच्या ओघात मिलही बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. ज्या मॉलमध्ये आपण सरकता जिना पाहायला जातो ना, तोच! कोष्टी घरांतल्या बायकांनी मसाला वाटून जे जेवण केलं त्याला आज सावजी म्हणतात आणि पुण्या-मुंबईचे लोक डोळ्यांत पाणी आणून खातात. करवतकाठी साडी अजूनही विदर्भात विणली जाते, थोड्या हातांनी का होईना. पुढच्या बस्त्याच्या वेळी दुकानदाराला विचारून तर पाहा.

ज्या रामटेक-मनसरकडून येतात त्यांच्या वाटेवर कामठी आहे. तिथलं ड्रॅगन पॅलेस बुद्ध मंदिर १९९९ मध्ये उभं राहिलं, ते जपानच्या नोरिको ओगावा यांच्या देणगीतून आणि सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने. दोन देशांच्या दोन बायकांनी केलेलं काम. बुद्धाची मूर्ती चंदनाची, आत पाऊल टाकलं की आपोआप आवाज खाली येतो. शहराच्या अलीकडे जरीपटका लागतो. फाळणीत घरदार सोडून आलेल्या सिंधी लोकांनी ही वस्ती उभी केली. सकाळी दाल-पकवान खा, पापड बांधून आणा. आणि कुणी म्हातारी दुकानात बसलेली दिसली तर दोन मिनिटं तिच्याशी बोला. रेल्वेतून आलेल्या आईच्या गोष्टी तिच्याजवळ असतील.

शहर पाहण्याची सवय आपल्यात कुणाला असेल तर ती बौद्ध बायकांना. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हापासून दसऱ्याला त्या खेड्यापाड्यांतून येतात, भाकरी बांधून, लेकरं काखेत घेऊन. दीक्षाभूमीवर रात्र काढतात, पुस्तकं विकत घेतात. कुणी त्यांना "कायले चालली?" विचारत नाही, आणि विचारलं तरी त्या थांबत नाहीत. बाकीच्या आपण मात्र दीक्षाभूमीला "त्यांचं" म्हणून बाहेरूनच नमस्कार करतो. वर्ध्याकडून येणाऱ्यांच्या तर ती अगदी जवळ आहे. राहाटे कॉलनीच्या मेट्रो स्टेशनवर उतरा. एवढा मोठा पोकळ स्तूप, आत शेकडो माणसं बसू शकतील असा, आयुष्यात एकदा तरी पाहावा.

आता मेट्रोमुळे हे सोपंही झालं आहे. बर्डीला गाडी बदलली की चितारओळी चौकाचं स्टेशन येतं. पण सगळंच गोड सांगत नाही. महाल-इतवारीत बाईमाणसाला वेळेला जायला धड जागा सापडत नाही, असली तर कुलूप किंवा घाण. मी नेहमी येणाऱ्यांना सांगते, आधी देवळात किंवा ओळखीच्या घरी सोय पाहून ठेवा. हे काय सांगण्यासारखं आहे? पण बायका पाणी न पिता बाजार करतात आणि घरी जाऊन आजारी पडतात, त्यापेक्षा सांगितलेलं बरं. ज्यांच्याकडे हे काम आहे त्यांना बायका फक्त मतदानाच्या दिवशी घराबाहेर पडतात असं वाटतं बहुतेक.

आणखी एक. कुणाच्या वस्तीत गेलो की लगेच मोबाइल काढून फोटो काढू नयेत. चितारी असो, विणकर असो, तो काम करत असतो. आधी राम राम करावा, दोन शब्द बोलावे. चहा आपोआप येतो. एकटीला संकोच वाटत असेल तर चार-पाच जणींनी मिळून या, भिशीच्या मैत्रिणी असतात ना, त्याच. एका खेपेला एकच वस्ती धरा, सगळं एकदम करायला गेलात की पुन्हा बर्डीसारखंच होईल.

ताईंना मी या वेळी तान्ह्या पोळ्याचं आमंत्रण दिलं आहे. मारबत आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते आणि गच्चीवर जागा आहे. सकाळी नऊच्या आत या म्हटलं, नंतर रस्ते बंद होतात. पुडाच्या वड्या करणार आहे. ताई "पाहू" म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ताजबागेत उतरलं तर तिकडून महालात याले काय भेटते वं?"