चार हातांची दमणी



जुना टेम्पो किंवा मिनीबस विकत घ्यायची, तिच्यात झोपायला फळी, शेगडी, पाण्याची टाकी बसवायची आणि नवरा-बायकोने मिळून फिरते घर तयार करायचे, हा छंद आता आपल्याकडेही आला आहे. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. ज्यांच्या मनात असे काही असेल त्यांनी हातोडी उचलण्याआधी आरटीओ कार्यालय गाठावे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातल्या गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही.

कॅरॅव्हॅन हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा फारसी. आपल्या बोलण्यातला कारवाँ तोच. कुरआनात सूरह कुरैशमध्ये हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या ज्या सफरींचा उल्लेख आहे, त्या कुरैशांच्या व्यापारी कारवाँच्या. हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) शामकडे गेले ते अशाच कारवाँबरोबर. त्या व्यवहारातला प्रामाणिकपणा पाहून खदीजा (रजि.) यांनी विवाहाचा प्रस्ताव पाठवला. इस्लामच्या इतिहासातल्या त्या आदर्श संसाराची सुरुवात एका प्रवासातून झाली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आपल्या वाशिम जिल्ह्यालाही कारवाँ नवा नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. या समाजाचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांड्यातांड्याने मुलूख पालथा घालत. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि तो धंदा मोडला. गावोगाव फिरणारे घिसाडी तर अनेकांनी पाहिले असतील. गाडीतच संसार, झाडाखाली भट्टी. नवरा सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि बायको घण मारते. बाईने घण कसा मारावा, असा प्रश्न त्यांना कधी पडलेला नाही.

आमच्या घरातला कारवाँ म्हणजे एक जुनी दमणी.

नव्या पिढीला दमणी म्हणजे काय ते सांगावे लागेल. माल वाहणाऱ्या बैलगाडीपेक्षा हलकी, माणसांच्या प्रवासासाठी केलेली, वर बांबूच्या कमानीचे छप्पर असलेली ही गाडी. आपल्या घरांत तिला पुढून-मागून परदा लावत. लेकी माहेरी यायच्या त्या दमणीतून, लग्ना-उरुसाला घरच्या बायका जायच्या त्याही दमणीतून. आमची दमणी गोठ्याच्या मागे कित्येक वर्षे उभी होती. साटीवर कोंबड्या अंडी घालत. अब्बांच्या इंतकालानंतर तिचा विषय निघाला. भंगारवाला लोखंडाच्या वजनावर पैसे द्यायला तयार होता. रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याला ती दारात शोभेला हवी होती. घरातले एक मत असे की फोडून जळण करावे, अंगण तरी मोकळे होईल.

अम्मींना विचारले. त्या नवरी होऊन रिसोडकडच्या एका खेड्यातून मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी याच दमणीतून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्हांला जे करायचं ते करा. मी तर तिच्यातून आले, पण परदा असा बांधला होता की रस्ता कसा होता ते मला आजपर्यंत माहीत नाही."

त्यानंतर विकण्याचे बोलणे आम्ही पुन्हा काढले नाही. दुरुस्ती आपण दोघांनीच करायची, दिवसाला फक्त असर ते मगरिबपर्यंतचा वेळ द्यायचा, आणि जे आपल्याला येणार नाही त्यासाठीच कारागीर बोलवायचा, असे ठरवले.

आधी तपासणी

जुन्या लाकडी वस्तूवर लगेच रंग मारू नये. आधी तिची नाडी बघावी. आम्ही सगळी दमणी झाडून, धुऊन, आठवडाभर सावलीत वाळवली. मग दाभण घेऊन इंच-इंच टोचत गेलो. दाभण अडले तर लाकूड जिवंत, भसकन आत गेले तर ते वाळवीने किंवा किडीने खाल्लेले. हातोडीने हलकेच ठोकले की आवाजही सांगतो. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत पोकळ.

जुन्या सुतारांची लाकडाची निवड पाहून थक्क व्हायला होते. चाकाला बाभूळ, कारण ती कठीण, चिवट आणि धक्के सोसणारी. धुऱ्याला तिवस. साटीच्या चौकटीला साग, कारण तो वाकत नाही आणि त्याला वाळवी सहसा शिवत नाही. आमच्या दमणीची साटी मागच्या बाजूला खराब झाली होती, कारण तिथे कोणे एके काळी साध्या लाकडाच्या फळ्या टाकल्या होत्या. सागाची चौकट मात्र शाबूत होती.

कोणी काय करायचे

कामाची वाटणी करताना पहिल्यांदा रीतीप्रमाणेच डोक्यात आले. लाकूड-लोखंड पुरुषाचे, परदा-गादी बाईची. पण आमच्यातल्या एकीचे वडील सुतारकाम करीत. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली रंधा, पटाशी, करवत धरलेली. दुसऱ्याला सरळ रेषेत खिळा ठोकता येत नाही, पण अम्मींच्या शिलाई मशीनवर तो बसला की शिवण दोरीसारखी सरळ. तेव्हा उलट वाटणी झाली. फळ्या तिने तासल्या, परदा त्याने शिवला.

शेजारी हसले. एक भाभी म्हणाल्या, "मर्द आदमी मशीनवर आणि बाई रंध्यावर, हे काय नवीन?" यात नवीन काही नाही. हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे की प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात मदत करीत, आपला कपडा स्वतः शिवत, चप्पल स्वतः दुरुस्त करीत. हजरत झकरिया (अ.) सुतार होते, हे हदीसमध्ये आले आहे. हजरत दाऊद (अ.) लोखंडाची चिलखते बनवत आणि स्वतःच्या हाताच्या कमाईचे खात. ज्या दीनमध्ये पैगंबरांनी सुई आणि पटाशी हातात घेतली, तिथे हातकामात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आणि कोणते काम कोणाच्या हाताला जमते, ते अल्लाहने दिलेले हुनर पाहून ठरवावे.

धाव चढवणे

एक काम आम्ही हाती घेतले नाही, ते म्हणजे चाकाची धाव चढवणे. चाकाचे लाकूड वर्षानुवर्षे वाळून आकसते, आरे तुंब्यात खुळखुळू लागतात आणि लोखंडी धाव सैल पडते. त्यासाठी गावचे लोहारकाका आले. त्यांनी धाव कापून थोडी लहान केली आणि पुन्हा जोडली. मग जमिनीवर ठेवून तिच्याभोवती गोवऱ्यांचा जाळ केला. धाव लालसर होताच तिघांनी सांडशीने उचलून ती चाकावर बसवली, घणाचे चार ठोके दिले आणि लगेच पाणी ओतले. वाफेचा लोट उठला आणि आतून लाकडाचा करकर आवाज आला. लोखंड थंड होताना आकसते आणि सगळे आरे, सगळे सांधे आत दाबून घट्ट करते.

हिशेब मांडला तर तोही गमतीचा आहे. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे साडेबारा फूट. एवढी धाव पाचशे अंशांनी तापली तर जवळजवळ पाऊण ते एक इंच लांब होते. तेवढ्या फरकावर संपूर्ण चाक उभे असते, त्याला खिळा लागत नाही की डिंक. शाळेत जाणारी मुले असतील तर त्यांना हे जरूर दाखवावे. पुस्तकातले प्रसरण-आकुंचन आयुष्यभर विसरणार नाहीत.

याच वेळी आमच्यात खरा वाद झाला. एकाचे म्हणणे, लाकडी चाके काढून डनलॉप गाडीसारखे रबरी टायर लावावेत, बैलांना ओढायला हलके जाईल. दुसरीचे म्हणणे, मग ती दमणी राहणार नाही. दोन दिवस अबोला होता, पण असर झाली की दोघेही न बोलता कामाला लागत. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला. रोज ओझे वाहायचे असते तर रबरी टायरच योग्य होते. ही गाडी वर्षातून चार वेळा, दोन-तीन माणसे घेऊन, मातीच्या वाटेने जाणार. तेव्हा चाके जुनीच ठेवायची, आसेला वंगण भरपूर द्यायचे आणि बैलांवर जास्त भार टाकायचा नाही.

तेल, रंग आणि काळजी

जुना रंग खरवडताना सांभाळावे. पूर्वीच्या रंगांत शिसे असे आणि ते लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. त्याआधीचा रंग संशयितच धरावा. लाकूड ओले करून घासावे म्हणजे धूळ उडत नाही. नाका-तोंडाला मास्क बांधावा, मुलांना दूर ठेवावे, खरवड गोळा करून टाकावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत.

आम्ही वर रंग दिला नाही. जवसाचे तेल दिले. विदर्भात जवस घरची. पातळ हात मारायचा, लाकडाने पिऊन घेतले की जादा तेल पुसायचे, वाळू द्यायचे, मग दुसरा हात. तीन हातांत साग मधासारखा दिसू लागला. एक गोष्ट मात्र विसरू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या मोकळ्या हवेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

बैलांचा हक्क

आमच्याकडे आता बैल नाहीत. शेजाऱ्यांची जोडी अर्ध्या दिवसासाठी मागितली. मुक्या जनावराबद्दलही आपल्याला जाब द्यायचा आहे. उपाशी ठेवून राबवलेल्या उंटाची व्यथा पाहून प्रेषितांनी (स.) त्याच्या मालकाला खडसावले होते. देशाचा कायदाही तेच सांगतो. ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ साली केलेल्या नियमांनुसार त्यांना दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त राबवता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. वाशिमच्या उन्हाळ्यात हे प्रत्येक गाडीवानाने पाठ करावे.

संसाराचा हिशेब

खर्चाची वही दोघांची एकच होती आणि प्रत्येक खिळा तिच्यात लिहिला. सर्वांत मोठा खर्च लोहारकाकांच्या मजुरीचा आणि सागाच्या फळ्यांचा. मजुरी त्यांनी सांगितली तेवढी त्याच संध्याकाळी दिली. बाकी बहुतेक आपले श्रमच.

अनेक वर्षांच्या संसारात आमचे बोलणे फी, किराणा आणि सिलिंडरवर येऊन थांबले होते. या चार महिन्यांत रोज दीड तास एकाच लाकडाची दोन टोके धरून बसावे लागले. फळीचे एक टोक एकाने सोडले तर दुसऱ्याला काहीच करता येत नाही. "धर", "जरा वर", "थांब", एवढेच शब्द, पण त्यांतून पुन्हा बोलण्याची सवय लागली. हजरत आयशा (रजि.) सांगतात की एका सफरीत प्रेषितांनी (स.) बाकीच्यांना पुढे पाठवून त्यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली. आयशा (रजि.) जिंकल्या. पुढे कधीतरी पुन्हा शर्यत झाली तेव्हा आप (स.) जिंकले आणि हसून म्हणाले की ही त्या शर्यतीची परतफेड. केवढ्या जबाबदाऱ्या त्यांच्या खांद्यावर होत्या, तरी पत्नीबरोबर खेळायला त्यांना वेळ होता. आम्हांला का नसावा?

वाचकहो, तुमच्या घरी दमणी नसेल. माळ्यावर अम्मीच्या लग्नातली पेटी असेल, पाय मोडलेला तख्त असेल, बंद पडलेले शिलाई मशीन असेल. नवे घेण्याआधी एकदा दोघांनी मिळून ते उघडून पाहावे. उधळपट्टीला आपल्या दीनमध्ये जागा नाही, आणि नीट होण्यासारखी वस्तू फेकणे हीदेखील उधळपट्टीच.

सोयाबीन निघून गेल्यावर, तूर फुलात असताना, एका सकाळी दमणी जुंपली. नवा परदा लावला होता. अम्मी ओढणी सारखी करून आत बसल्या. गाडी वेशीबाहेर आली तशी त्यांनी स्वतःच्या हाताने परदा वर गुंडाळला आणि त्याची नाडी कमानीला बांधली. ओढ्याजवळ त्यांनी विचारले, "इथे आधीपासून निंब होता का?" गाडीवान म्हणाला, "होता, अम्मी. माझ्या दादाच्या वेळेपासून आहे."

त्या पुढे बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन्ही बाजूंची शेते बघत राहिल्या.