वाकलेला एक्सल आणि "सरळ करून देतो"वाले

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी वडापच्या जीपमधून कराडला कॉलेजला किंवा दवाखान्याला जातं, ज्यांची पोरं जीपनं शाळेला जातात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्या पाटण खोऱ्यात पाऊस उघडला की गॅरेजवाल्यांचा सीझन सुरू होतो. मोरणेकडची वाट असो, ढेबेवाडीची असो, नाहीतर वर वनकुसवडे पठाराचा चढ, चार महिने खड्ड्यांत आपटलेल्या जीपा आणि पिकअप लायनीनं उभ्या असतात. कुणाचे पाटे तुटलेले, कुणाचे बुश गेलेले. त्यातच अधूनमधून एक गाडी अशी येते की मागून बघितलं तर दोन्ही चाकं वरच्या बाजूला आत झुकलेली. म्हणजे मागच्या एक्सलचं हाऊसिंग वाकलेलं. मग तो ठरलेला संवाद होतो. "नवीन कशाला टाकताय शेठ, गॅस मारून सरळ करून देतो. उद्या संध्याकाळी गाडी न्या."

आणि शेठ नेतात. परवा दिवशी त्याच गाडीत मागं दहा आणि पुढं चार माणसं बसतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या गाडीत भाड्याची माणसं किंवा शाळेची पोरं बसतात, तिचा वाकलेला एक्सल गॅसवर तापवून सरळ करणं बंद झालं पाहिजे. भाग बदला. नवा परवडत नसेल तर मोडीत निघालेल्या गाडीचा चांगला हाऊसिंग बघून, मापून घाला. पण तापवून ठोकलेला नको.

"अहो पण लोखंडच ते, वाकलं तसं सरळ होतंय की." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. बाइंडिंगची तार दोन-चार वेळा इकडंतिकडं वाकवून बघा. कितव्या वेळेला तुटते? आणि ती तुमच्या हातात तुटते, घाटात नाही.

आतली रचना समजून घ्या, म्हणजे मी का ओरडतोय ते कळेल. ट्रकच्या मागच्या एक्सलमध्ये चाकाचं ओझं हाऊसिंगच्या टोकावर असतं. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं, गाडी उभी राहते एवढंच. आपल्या हलक्या, जीपवर्गातल्या बहुतेक गाड्यांत तसं नसतं. तिथं हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि त्या कोपऱ्यातलं वजनही तोच पेलतो. चाक त्याच्याच टोकाला बोल्टनं बसवलेलं. हाऊसिंग वाकलं की शाफ्ट, बेअरिंग आणि डिफरेन्शियल एका रेषेत राहत नाहीत, आणि प्रत्येक फेऱ्याला शाफ्टवर उलटसुलट ताण येतो. असं चाक किलोमीटरला चारशेच्या वर फेरे मारतं. पाटण-कराड एक खेप धरली तर १५ हजारांच्या घरात. दिवसाला किती खेपा होतात ते वडापवाल्यांना विचारा. आणि शाफ्ट बेअरिंगपाशी तुटला की चाक ड्रमसकट बाहेर येतं.

त्याआधी गाडी सांगत असते बरं का. मागचं टायर एकाच कडेनं खातं. ऑईल सील बदलला तरी महिन्यात परत गळतो, कारण दोष सीलचा नसतोच. गळलेलं गिअर ऑईल ड्रममध्ये, लायनरवर जातं आणि त्या बाजूचा ब्रेक लागत नाही. घूं घूं आवाज येतो तो बेअरिंगचा. ड्रायव्हर टेपचा आवाज वाढवतो.

आता गॅस मारल्यावर काय होतं? नळी लालभडक तापवून ठोकली की पोलाद तिथं मऊ पडतं. बेअरिंग आणि सील बसायच्या जागा नजरेला दिसणार नाही इतक्या वाकड्या होतात. पुढच्या मोठ्या खड्ड्यात ती नळी त्याच जागी वाकते. काही जण वरून पट्टी वेल्डिंग करून देतात, "आता बापजन्मात वाकणार नाही" म्हणून. मग पट्टी जिथं संपते तिथं तडा जातो. आणि हाफ शाफ्टला तर गॅस, प्रेस, हातोडा काहीच लावायचं नसतं. वरचा थर मुद्दाम कडक केलेला असतो. तापवला की तो कडकपणा गेला, थंड असताना दाबला तर आत बारीक तडे राहतात. वाकलेला शाफ्ट भंगारातच जातो. याला पर्याय नाही.

सगळेच मिस्त्री चोर आहेत असं मी म्हणत नाही. हाऊसिंग थोडंसंच वाकलेलं असेल, कुठं तडा नसेल, तर ते पूर्ण मोकळं करून, न तापवता, हायड्रॉलिक प्रेसवर डायल गेज लावून सरळ करणारे जाणकार लोक आहेत. स्वतःच्या शेतावरच्या गाडीला तसं करून घ्या, माझी हरकत नाही. पण गाडीखाली पडून, जॅक आणि साखळी लावून, डोळ्यानं "आलं बघा सरळ" म्हणणं म्हणजे ते काम नव्हे. आणि त्या जाणकारांकडं जायचं तर कराडच्याही पुढं जावं लागतं, दोन-तीन दिवस गाडी उभी राहते. म्हणून कुणी जात नाही.

तपासायचं कसं, ते कुठल्याही घरच्या माणसाला जमेल. सपाट जागेवर, हँडब्रेक सोडून, पुढच्या चाकांना ओटी लावा. गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. रिमच्या कडेजवळ एक तार रोवून चाक हातानं फिरवा. कड तारेच्या जवळ-लांब होत असेल तर रिम किंवा शाफ्ट वाकलाय. फिरताना कड हलत नाही, पण चाकच कायम तिरकं दिसतंय, तर हाऊसिंग वाकलंय. मग गाडी खाली घ्या. दोन्ही मागच्या टायरांवर मधोमध खडूची खूण करून मागच्या बाजूनं, एक्सलच्या उंचीला, खुणांमधलं अंतर मोजा. गाडी अर्धा फेरा ढकला आणि त्याच खुणा पुढं आल्यावर परत मोजा. दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. खर्च शून्य.

आता वडापवाल्या भावांचं ऐकू. ते म्हणतात, "भाऊ, हप्ता आहे, डिझेल आहे, एसटी येत नाही म्हणून तर आम्ही आहोत." शंभर टक्के खरं. एसटीच्या फेऱ्या पुरेशा असत्या तर कोण दाटीवाटीनं बसलं असतं? विमाही कामाला येत नाही. १० वर्षांपुढच्या गाडीच्या लोखंडी भागावर ५० टक्के घसारा कापतात, आणि जादा वजनानं झालेलं नुकसान तर व्यावसायिक पॉलिसीत बसतच नाही. म्हणजे चौदा माणसं बसवलेल्या गाडीचा क्लेम करायलाही तोंड नाही. त्यांची अडचण मला कळते. पण त्या अडचणीची किंमत मागच्या बाकावरच्या पोरीनं का द्यायची? तिला तर माहीतही नसतं की आपण कशावर बसलोय.

शनिवार-रविवारी पठारावर मोठ्ठे टायर आणि बाहेर काढलेली रिमं लावून उड्या मारायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मित्रांबद्दल जास्त बोलत नाही. चाक जितकं बाहेर, तितका हाऊसिंगवर भार जास्त, एवढं लक्षात ठेवा. एक्सल वाकला तर तुमच्या खिशातून जाईल. फक्त नंतर ती गाडी "एकदम ओके" म्हणून आमच्या गावात विकू नका.

आणि रस्ता. एक्सल आपोआप वाकत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे पसरट असतो. वर रंगाचे पट्टे आणि आधी फलक लागतो. आपल्याकडं उरलेलं डांबर हातभर रुंदीत ओतलं की झाला गतिरोधक, ना पट्टा ना फलक. पाइपलाइनसाठी खणलेले चर मातीनं बुजवतात, पहिल्या पावसात ती माती ओढ्याला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याच्या निकृष्ट कामाबद्दल ठेकेदाराला, अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. पण कधी? माणूस मेला किंवा अपंग झाला तर. तोवर सगळं माफ.

राहिली फिटनेस तपासणी. प्रवासी गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दर वर्षी ती लागते. मी स्वतः उभं राहून बघितलंय: रिफ्लेक्टर, वायपर, रंग, नंबरप्लेट. खाली वाकून एक्सल बघणारा एकही माणूस त्या दिवशी दिसला नाही. ब्रेक यंत्राच्या रोलरवर तपासला तर तेल प्यालेला लायनर दोन मिनिटांत पकडला जातो.

महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणं प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला पाहिजे. आपल्या शाळेची आहे का, शेवटची बैठक कधी झाली, पोरांच्या गाड्या खालून कुणी बघितल्या का, हे तीन प्रश्न मी लेखी अर्जात घातलेत. दुसरा अर्ज आपल्या रस्त्यावरच्या पट्टे नसलेल्या गतिरोधकांचा, जागेसकट आणि मोजलेल्या उंचीसकट. सोमवारी दोन्ही देणार आहे. ज्यांना सही करायचीय त्यांनी रविवारी संध्याकाळी देवळात या. ज्या वडापवाल्यांना आपली गाडी मोजून बघायचीय त्यांनी गाडी घेऊनच या. खडू आणि टेप मी आणतो.