गॅस न्या, स्लरी परत करा!



ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, वडसा हा सारा धानाचा पट्टा. धान चुरला की तणसाचे ढीग उरतात. थोडे गुरांपुढे पडते, बरेचसे बांधीत पेटते. आणि त्याच गावातली बाई सरपणासाठी वाघाच्या जंगलात शिरते!

गोबरगॅसवाले जनावरे मोजून टाकीचा आकार ठरवतात. आमची जनावरे दिवसभर रानात चरतात, शेण तिथेच पडते. एक घनमीटर गॅसला रोज सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. ते कुठून आणायचे? टाकी उपाशी, आणि आळशी म्हणे शेतकरी!

तणसातही गॅस आहे. पण नुसते तणस टाकीत तरंगते, वर साय धरते. त्यात कर्ब फार, नत्र थोडे. म्हणून बारीक कुट्टी करून गोमूत्र घातलेल्या शेणकाल्यात काही दिवस भिजवावी, मगच टाकावी. कुट्टी लांब राहिली तर नळी तुंबलीच समजा.

२०१८ च्या 'सतत' योजनेपासून कंपन्यांनाही काडीकचरा हवासा झाला आहे. त्याला आमचा विरोध नाही. पण हिशेब पाहा. गॅसमधून मुख्यतः कर्ब जातो; नत्र, स्फुरद, पालाश स्लरीतच राहतात. तणसात तर पालाश भरपूर. ते नुसते विकले तर हाच पालाश उद्या पोत्यातून, तोही परदेशी, विकत घ्यायचा!

आमची मागणी दोन कलमांची: तणस धरून गावाच्या संयंत्राला अनुदान, आणि कंपनीच्या करारात स्लरीची परतफेड. हे कागदावर येईपर्यंत तणसाची एक पेंढीही गाडीत चढवू नका.